वजा दोन किलो

वाडीच्या गोदामात, मे महिन्यात,
कूलरसमोरची खुर्ची गुणवंत धोमण्यांची.
माझी त्यांच्या मागे, वारा पोचता पोचता
गरम होऊन जाईल एवढ्या अंतरावर.
मालक म्हणाले होते, यांचं काम बघून घे
आणि मशीनला शिकव.

अकरा दिवस बघत बसले.
काट्याची पावती आली की चष्मा कपाळावर,
भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी,
आणि शेवटी पेन्सिलीनं, अगदी फिकट, आणखी एक आकडा.
हे काय, काका?
'हिंगणघाटची गाडी हाये ना. रस्त्यात गाठींवर पाणी मारते,
वजन भरायले. गाठीमागं दोन किलो काप.'
प्रत्येक गाडीला?
'प्रत्येक कायले? रऊफ असला तर नाई.
तो मारू देत नाई.'

मी लिहिलं: गाव द्या, गाठी द्या, वजन घ्या.
हिंगणघाट, वणी, आर्वी
एका शब्दात निमूट मावली.
ओल्या सरकीचा वास गळाला,
गाड्यांच्या मागचे 'माँ का आशीर्वाद' गळाले,
बिडीच्या धुरानं पिवळी पडलेली पावती गळाली.
बरं वाटलं. कपाट आवरल्यावर वाटतं तसं.

रऊफ मात्र मावेना.
त्याच्यासाठी एक 'जर' घातला.
बुटीबोरीचा काटा दुपारी उन्हात चढतो, म्हणून दुसरा.
मारबतीच्या दिवशी गाड्या रात्री उशिरा सुटतात,
तारीख आदल्या दिवसाची धरायची, तिसरा.
परसोडीच्या ऑफिसात कोड तपासणारा पोरगा म्हणाला,
इतके 'जर' असले की समजायचं डिझाइन फसलंय.
खरंच होतं त्याचं.
मग मी एक रकाना केला, नाव ठेवलं 'विश्वास'.
रऊफला एक. बाकी सगळ्यांना शून्य.

धोमण्यांनी स्क्रीनकडे वाकून पाहिलं, हसले.
'बाकीच्याइले शून्य? अवं बाई,
पाव तरी दे.'
मी पाव दिला.

पहिल्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तो आपोआप उठला, महिन्याच्या सगळ्या पावत्या
चार सेकंदांत वाचून पुन्हा झोपला.
सकाळी धोमणे आले. पेन्सिलीला टोक काढलं,
बेरजा ताडून पाहिल्या, तीन पानं, मग सातवं, मग उगाच शेवटचं.
एकही चूक नव्हती. त्यांनी ती शोधली मात्र नीट.
मग खुर्ची उचलली, माझ्या जागी ठेवली.
'तू बस आता कूलरपुढं. तुलेच उकडून रायलं.'

मला उकडत नव्हतं.
तरी बसले.

पुढच्या वर्षी ते घरी बसले, दत्तवाडीला.
माझ्या हाताखाली आता दोन पोरं आहेत,
त्यांनी काटा पाहिलेला नाही, पाहायची गरजही नाही.
ती नुसती फंक्शनला हाक मारतात
आणि वजन येतं, हॉटेलात हात वर केला की चहा येतो तसं.

एका रात्री मात्र तो अडकला.
ड्रायव्हर सापडत नाही, म्हणाला, चार वेळा म्हणाला.
रऊफनं गाडी सोडली होती. मुलगा आणत होता, अफरोज.
यादीत नाव नाही, म्हणजे शून्य द्यायचं? पाव?
सकाळी धोमण्यांना फोन लावला.
मागे कुठेतरी बादली भरत होती, बराच वेळ नुसती बादली ऐकली.
'बापाचा आकडा दे पोराले,' म्हणाले,
'चार खेपा पाहू. मंग त्याचा त्याले.'

तेवढी एक ओळ वाढवली.
पोरं विचारतात, मॅडम, चारच खेपा का?
ओळीच्या वर कमेंट आहे, त्यात कारण नाही.
धोमण्यांना विचारा, एवढंच आहे,
आणि त्यांचा नंबर.
लागतो अजून. रात्री नऊच्या आत करायचा.